उठा, मालक

दोन वर्षं एक महिन्यानं आज आमराईत आलो.
फाटकाला नवा रंग दिलाय, पण डावीकडची सळई
अजून वाकलेली. माझ्याच सायकलनं.

दिवेलागण झालेली. फेऱ्या मारणारे घरी निघालेले,
एक आजोबा मोजत होते मोठ्यानं, अकरा, अकरा,
बारावी फेरी सुचत नसल्यासारखे.
आणि आंब्यांची ती म्हातारी झाडं,
ज्यांना मी एकेकाला हाक मारून शिव्या घातल्यात.

मी मार्केट यार्डात दिवाणजी, हळदीच्या पेढीवर.
दिवसभर पोत्यांची वजनं मांडायची,
किलोत कधी चूक नाही.
संध्याकाळी पेढीवरून घर दोन मैल
आणि मध्ये ही बाग.
घर लांब पडायचं.

पुराच्या साली अख्खी गल्ली
धान्याची पोती माळ्यावर चढवत होती,
मी आधी माझी बाटली चढवली.
मालननं पाहिलं. बोलली नाही.
प्रणोतीचं दप्तर तेवढं उचललं
आणि शिडीची पहिली पायरी चढली.

बाकडं तिथंच.
पाठीवर कोरलेलं नाव मी किती वर्षं
आडवं पडून वाचत आलो: फक्त शेवटचं अक्षर,
तेवढंच डोळ्यांसमोर यायचं. र्थ.
आज उभ्यानं सगळं वाचलं,
कै. गोदाक्का बाळगोंडा पाटील
यांचे स्मरणार्थ.
म्हणजे इतकी वर्षं मी एका बाईच्या आठवणीवर
बूट घालून झोपत होतो.
माफ करा, म्हटलं, आणि रुमालानं बाकडं पुसलं.

रुमालावरून आठवलं.
एकदा भर दुपारी प्रणोती मैत्रिणींबरोबर
इथूनच गेली, आठवीत होती.
मी तोंडावर रुमाल ओढून घेतला,
पोरींचं हसणं जवळ आलं, लांब गेलं.
सुटलो, असं वाटलं.
पुढं केंद्रात, घरच्यांच्या बैठकीत,
खाली बघत ती म्हणाली,
तो रुमाल पिवळा होता, बाबा.
सांगलीत एवढा पिवळा रुमाल अजून कुणाचा असणार?

मग काय झालं कुणास ठाऊक,
आजूबाजूला कुणी नाही बघून मी आडवा झालो.
जसा व्हायचो तसाच, उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी.
सिमेंट दुपारचं तापलेलं होतं.
खालून पानं काळी दिसत होती, मध्ये आभाळाचे तुकडे,
आणि ते हलत नव्हते.
पूर्वी हलायचे.

काठी वाजली बाकड्यावर, टक् टक्.
"उठा मालक, फाटक लावायचं हाय."
दस्तगीरचाचा. केस सगळे पिकलेले.
येताना मी फाटकात नमस्कार केला होता त्यांना,
ओळखलं नव्हतं. ओळखणार कसे,
मला उभं कधी पाहिलंच नव्हतं त्यांनी.
आता आडवा बघून म्हणाले, "आरं! तुम्ही व्हय!"
आणि सवयीनं वाकले,
नाक जवळ आणून.

मी तोंड उघडलं आणि श्वास सोडला.
चहा. थोडी लवंग.
ते तसेच वाकून राहिले जरा वेळ,
वास चुकला की काय म्हणून परत एकदा घेतला.
मग काठी टेकून माझ्याच पायाशी बसले,
म्हणाले, "मग झोपलाय कशाला?"
मला सांगता येईना.
"बसा," म्हणाले, "पाच मिनिटं. फाटक काय पळून जातंय."

पाच मिनिटांत आम्ही काहीच बोललो नाही.
अकरावाले आजोबा पुन्हा समोरून गेले.
"बारा," चाचा मोठ्यानं म्हणाले. आजोबांनी हात केला.

घरी पोचलो तेव्हा साडेआठ.
मालन दार उघडते आणि अजूनही
एक क्षण दारातच थांबते, कडी हातात धरून.
तिचं काही चुकत नाही.
मी आधी हाऽ करून दाखवतो,
मग चपला काढतो.